करून शिकलेली मुलं पुढं कुठं गेली?

एखाद्या शाळेत मुलं धडा ऐकत बसण्याऐवजी पानं गोळा करताहेत, काहीतरी मोजताहेत, आपसात वाद घालताहेत असं दिसलं, की भेटीला आलेल्या पाहुण्यांना फार बरं वाटतं. पालक मात्र तितके खूश नसतात. मी तीन तपांहून अधिक काळ माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. त्या सगळ्या वर्षांत पालकसभेत एक प्रश्न मला न चुकता विचारला गेला. ‘‘सर, हे सगळं छान आहे. पण दहावीला याचा उपयोग काय?’’

या प्रश्नाला हसू नये, असं माझं मत आहे. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी दहावीच्या उंबरठ्यावर पोचलं आहे, त्या घराला प्रयोगाचं कौतुक परवडतंच असं नाही. तेव्हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर भावनेनं देऊन चालणार नाही. कृतीतून शिकलेली मुलं पुढच्या वर्गात, पुढच्या परीक्षेत आणि पुढच्या आयुष्यात कशी ठरली, हे इतिहासात शोधावं लागेल. आज मी आपल्याला तीन प्रयोगांची हकीकत सांगणार आहे. एक अमेरिकेतला, एक नर्मदाकाठचा आणि एक आपल्या पुणे जिल्ह्यातला.

करून शिकण्याचा विचार काही नवा नाही. जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात आपली प्रयोगशाळा काढली; तिथं स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम यांच्या आधारानं मुलं शिकत. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं तिचा अभ्यासक्रम केला. तीच नई तालीम. सेवाग्रामला ती निष्ठेनं चालली. पण पुढं सरकारी शाळांत तकली राहिली आणि तिच्यामागचा विचार गळून गेला. असं का झालं, याची अनेक कारणं सांगितली जातात. मला त्यातलं एक महत्त्वाचं वाटतं. मूल तकलीवर सूत काढत होतं आणि वरच्या वर्गाचं दार मात्र पाठांतराच्या परीक्षेनं उघडत होतं. हे दाराचं प्रकरण आपण जरा ध्यानात ठेवू.

पहिला प्रयोग नेमका या दारापासूनच सुरू झाला. १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या पुरोगामी शिक्षण संघटनेपुढं एक अडचण होती. प्राथमिक शाळांत नवे प्रयोग होत होते, पण माध्यमिक शाळा हलायला तयार नव्हत्या. कारण विचारलं, की मुख्याध्यापक महाविद्यालयांकडं बोट दाखवीत. प्रवेशासाठी ठरावीक विषय, ठरावीक तास लागतात. मग आम्ही वेगळं कसं शिकवणार? त्यावर संघटनेनं एक धाडसी मार्ग काढला. विल्फर्ड एकिन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि महाविद्यालयांशीच बोलणी केली. सुमारे ३०० महाविद्यालयांनी मान्य केलं, की निवडलेल्या ३० एक शाळांतली मुलं नेहमीच्या अटींविना, शाळेच्या शिफारशीवर घेऊ. दार असं आधी उघडून घेतलं आणि मग शाळांना मोकळीक दिली. काही शाळांनी फार बदल केले, काहींनी बेताचे. विषयांच्या भिंती पाडून मुलांच्या आणि समाजाच्या प्रश्नांभोवती अभ्यास बांधणाऱ्या शाळाही त्यात होत्या.

१९३६ पासून ही मुलं महाविद्यालयांत जाऊ लागली. राल्फ टायलर यांच्या देखरेखीखाली मूल्यमापनाचं काम चाललं होतं. त्यांच्या मंडळींनी १४७५ जोड्या लावल्या. जोडीतला एक विद्यार्थी प्रयोगशील शाळेतला, दुसरा नेहमीच्या शाळेतला. वय, बुद्धिमापन चाचणीतले गुण, घरची परिस्थिती शक्य तितकी सारखी. मग दोघांच्या महाविद्यालयीन प्रगतीची तुलना केली. निष्कर्ष काय निघाला? प्रयोगशील शाळांतल्या मुलांचे गुण किंचित जास्तच होते. परकी भाषा हा विषय सोडला, तर ती कुठं मागं नव्हती. नवी परिस्थिती आली तर तिला तोंड देण्यात, कुतूहलात, स्वतःहून काही वाचण्या-करण्यात ती पुढं होती. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ज्या शाळांनी सर्वांत जास्त बदल केले होते, त्यांच्या मुलांत हा फरक सर्वांत ठळक दिसला.

हा ‘आठ वर्षांचा अभ्यास’ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. देश महायुद्धात उतरला होता. अहवालांकडं लक्ष द्यायला सवड कुणाला होती? पण आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. पुढचं दार सारखं उघडं असेल, तर करून शिकलेलं मूल मागं पडत नाही.

आता दार बंद असेल तर काय होतं, ते पाहण्यासाठी नर्मदाकाठी जाऊ. मध्य प्रदेशातला होशंगाबाद जिल्हा. २०२२ पासून त्याचं नाव नर्मदापुरम आहे. या प्रयोगाचं एक मूळ मात्र मुंबईत आहे, हे आपल्याला ठाऊक असावं. १९७० च्या आसपास मुंबई महापालिकेच्या शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवून पाहिलं गेलं. त्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ होते आणि डेहराडूनच्या दून स्कूलमधले विज्ञानशिक्षक बी. जी. पित्रे होते. त्याच टाटा संस्थेतून डॉ. अनिल सद्गोपाल बाहेर पडले आणि त्यांनी होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती ही संस्था सुरू केली. रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर त्यांच्या जोडीला आलं. दोघांनी मिळून राज्य सरकारची परवानगी काढली आणि १९७२ मध्ये १६ सरकारी माध्यमिक शाळांत काम सुरू झालं. तिकडं सहावी ते आठवीच्या शाळेला माध्यमिक शाला म्हणतात, एवढं इथं लक्षात ठेवावं.

या शाळा अगदी साध्या होत्या. कुठं प्रयोगशाळा नाही, कुठं पुरेशा खोल्या नाहीत. तरी चार-चार मुलांची टोळी करायची, प्रयोग मुलांनीच करायचा, निरीक्षणं स्वतःच्या वहीत लिहायची आणि मग सगळ्या वर्गानं चर्चा करून निष्कर्ष काढायचा, अशी पद्धत बसवली गेली. १९७८ पासून ‘बाल वैज्ञानिक’ नावाची पुस्तकं आली. त्यात व्याख्या नव्हत्या, उत्तरं नव्हती. सूचना आणि प्रश्न होते. झाडांची पानं गोळा करा आणि त्यांचे गट पाडा. का पाडले ते सांगा. एकच लांबी सगळ्यांनी मोजा. प्रत्येकाचं उत्तर थोडं वेगळं का आलं? नाणं पुनःपुन्हा उडवा आणि छापा-काटा मोजून शक्यतेचा अंदाज बांधा. साहित्यही गावातलंच. फुलाची चिरफाड करायला सुईऐवजी बाभळीचा काटा. आम्ल आणि अल्कली ओळखणारं फिनॉल्फ्थेलिन औषधाच्या दुकानातल्या जुलाबाच्या गोळीतून काढलेलं.

आपल्या पुण्याशीही या कामाचा धागा आहे. टेल्कोत काम करणारे तरुण अभियंता अरविंद गुप्ता १९७८ मध्ये किशोर भारतीत जाऊन राहिले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या यांपासून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन बनवले. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. मग छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. पुढं पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं हेच काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

होशंगाबादच्या मंडळींनी शिक्षकांना वाऱ्यावर सोडलं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रशिक्षण, वर्षभर मासिक बैठका, शाळांना भेटी. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक येऊन गावातल्या मास्तरांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करीत. याच शिक्षकांतून पुढं प्रशिक्षक तयार झाले. आणि मुलांसाठी एक सवालीराम होता. सवालीराम ही काल्पनिक व्यक्ती. मनात कोणताही प्रश्न आला की मुलांनी त्याला पत्र लिहायचं. पत्राला उत्तर येई. खेड्यातल्या मुलाच्या नावानं पोस्टमन पाकीट घेऊन येतो आणि त्यात त्याच्याच प्रश्नाचं उत्तर असतं, ही गोष्ट लहान नव्हे.

परीक्षेचाही विचार झाला होता. आठवीची विज्ञानाची परीक्षा पुस्तक आणि स्वतःची वही जवळ घेऊन द्यायची, शिवाय प्रयोगाची परीक्षा वेगळी. पुस्तक उघडं असल्यावर पाठ केलेलं विचारण्यात अर्थच उरत नाही. मग प्रश्न बदलतात. समजा, एका तक्त्यात दहा मोजमापं दिली आहेत आणि त्यातलं एक इतरांशी जुळत नाही. ते कोणतं आणि चूक कशी झाली असेल? असा प्रश्न मी माझ्या वर्गात घालून पाहिला आहे. नेहमी पहिली येणारी मुलं पुस्तक चाळत बसत आणि मागच्या बाकावरचा एखादा सायकल-दुरुस्तीवाल्याचा मुलगा बरोबर बोट ठेवी.

१९७८ मध्ये हा कार्यक्रम होशंगाबाद जिल्ह्यातल्या सगळ्या, म्हणजे दोनशेहून अधिक माध्यमिक शाळांत गेला. सरकारी व्यवस्थेच्या आत राहून, सरकारी शिक्षकांकडून, संपूर्ण जिल्ह्यात असं काम होणं हे फारच दुर्मीळ होतं. १९८२ मध्ये ते सांभाळण्यासाठी एकलव्य ही संस्था स्थापन झाली. हळूहळू इतर जिल्ह्यांतल्या शाळा धरून संख्या सुमारे एक हजारावर गेली. आणि २००२ मध्ये, म्हणजे बरोबर ३० वर्षांनी, राज्य सरकारनं हा कार्यक्रम बंद केला.

विरोधकांचा मुख्य आक्षेप आपल्या ओळखीचा आहे. ‘ही मुलं पुढं नववी-दहावीत मागं पडतात.’ एकलव्यनं तो मान्य केला नाही. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी कार्यक्रम चालू ठेवावा म्हणून आवाज उठवला. निर्णय बदलला नाही. मला इथं कुणाची बाजू घेण्याआधी एक साधी गोष्ट दाखवायची आहे. हा कार्यक्रम आठवीला संपत होता. नववीत तीच मुलं पुन्हा जुन्या पुस्तकासमोर, जुन्या पद्धतीच्या तासाला बसत. तीन वर्षं ज्यांना ‘तू काय पाहिलंस?’ असं विचारलं, त्यांना आता ‘पुस्तकात काय लिहिलंय?’ असं विचारलं जाई. आणि दोन वर्षांनी दहावीच्या बोर्डात जो निकाल लागे, त्याचा हिशेब मात्र सहावी ते आठवीच्या प्रयोगांच्या नावावर मांडला जाई. दहावीच्या निकालात इंग्रजी असतं, गणित असतं, शिक्षकांच्या रिकाम्या जागा असतात, घरची गरिबी असते. यातलं किती कशामुळं, हे वेगळं काढायला अमेरिकेतल्यासारख्या जोड्या लावाव्या लागतात. तसं न करता निकाल दिला, तर तो न्याय होत नाही.

पण म्हणून पालकांना दोष देता येईल का? माझ्या मते नाही. त्यांनी पाहिलं ते खरंच होतं. मूल एका भाषेत शिकत होतं आणि त्याची परीक्षा दुसऱ्या भाषेत होत होती. अशा वेळी ज्या घरात शिकवणीचे पैसे आहेत ते निभावून नेतं, ज्या घरात नाहीत ते घाबरतं. कार्यक्रमाचा पाया खेड्यातल्या मुलांसाठी घातला होता आणि भीती नेमकी त्यांच्याच घरी जास्त होती.

इथं एक तिसरा पुरावा सांगतो, कारण तो थेट माध्यमिक वयाचा आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजातले मायकेल शेअर आणि फिलिप एडी यांनी १९८४ ते १९८७ या काळात ११-१२ वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. दोन वर्षं, साधारण पंधरा दिवसांतून एकदा, विज्ञानाचा एक वेगळा तास. त्यात मुलांच्या अंदाजाला धक्का देणारा प्रयोग असे आणि मग ‘तुला असं का वाटलं?’ यावर चर्चा. दोन वर्षं संपली तेव्हा विज्ञानाच्या चाचणीत फारसा फरक दिसला नाही. कुणी तेव्हाच निकाल लावला असता, तर प्रयोग फसला असं म्हणावं लागलं असतं. पण त्यांनी वाट पाहिली. वयाच्या सोळाव्या वर्षी, आपल्या दहावीसारख्या परीक्षेत, यांतल्या बऱ्याच मुलांचे गुण विज्ञानात वाढलेले दिसले, गणितात दिसले आणि इंग्रजीतही दिसले. सगळ्या गटांत परिणाम सारखा नव्हता, हेही खरं. तरी विज्ञानाच्या तासाचा फायदा भाषेला व्हावा, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. ती मुलं विज्ञानाबरोबर विचार करायला शिकली होती.

यातून दुसरीही एक गोष्ट निघते. नुसते हात चालवणं म्हणजे कृतीतून शिकणं नव्हे. शिक्षकानं सांगावं तसं कापायचं, चिकटवायचं, तक्ता भिंतीवर लावायचा. यात हात शिणतात आणि डोकं विश्रांती घेतं. मार्गदर्शनाविना मुलांना मोकळं सोडलं तर ती फार थोडं शिकतात, असं दाखवणारं संशोधनही आहे आणि ते नाकारण्यात शहाणपणा नाही. होशंगाबादला प्रयोगानंतरची चर्चा हा तासाचा प्राण होता. ती चर्चा घडवायला शिक्षक तयार असावा लागतो आणि त्याला वेळ असावा लागतो.

आता तिसरा प्रयोग, आपल्या घरचा. डॉ. श्रीनाथ कालबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून ते १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळ या दुष्काळी गावी, पत्नी मीराताईंसह राहायला गेले. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचा प्रकल्प म्हणून त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं असं, की माणूस निसर्गतःच करून शिकतो. शाळा तेवढी त्याला वेगळ्या वाटेनं नेते. आश्रमातल्या मुलांनी जुन्या जीपचे सुटे भाग वापरून छोटा ट्रॅक्टर बांधला. घुमटाकार घरं उभी केली. जमिनीतलं पाणी शोधण्याचं उपकरण वापरलं. शाळा सोडलेल्या मुलांपैकी काहींनी इथं शिकून स्वतःचे छोटे उद्योग काढले. २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं इथं फॅब लॅब निघाली. त्या देशाबाहेरच्या अगदी पहिल्या अशा प्रयोगशाळांत तिची गणना होते.

पण माझ्या दृष्टीनं कालबागांचं सर्वांत दूरदृष्टीचं काम वेगळं आहे. त्यांनी हा अभ्यास आश्रमाच्या कुंपणात ठेवला नाही. आठवी, नववी आणि दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय बांधला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार भाग. आठवड्यातला एक दिवस कामाचा. शिकवायला गावातले कारागीर. मुलांनी वेल्डिंग करायचं, माती तपासायची, रक्तगट तपासायचे. तेही सरावापुरतं नव्हे, गावाच्या गरजेसाठी. आणि या विषयाला त्यांनी राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाची पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता मिळवली. म्हणजे त्या कामाचे गुण दहावीच्या गुणपत्रिकेत उतरले. कालबाग २००३ मध्ये गेले. पण विषय त्यांच्यामागं चालत राहिला, कित्येक शाळांत पोचला. दार उघडं होतं, म्हणून चालत राहिला.

या तिन्ही हकिकती शेजारी ठेवल्या, की मला दोन गोष्टी दिसतात. करून शिकल्यानं माध्यमिक वयातल्या मुलांचं नुकसान होतं, याला पुरावा नाही. फायदा होतो, याला आहे, मात्र तो उशिरा दिसतो आणि चर्चा असेल तरच दिसतो. दुसरी गोष्ट, प्रयोग वर्गात जगतो आणि परीक्षेत मरतो. आपल्या बोर्डानं २०१९ च्या दहावीला भाषा विषयांसाठी कृतिपत्रिका आणल्या, तेव्हा बाजारात त्यांचीही मार्गदर्शकं आली आणि मुलांनी कृतींचीही उत्तरं पाठ केली. परीक्षेचं नाव बदलून भागत नाही. तिच्यातले प्रश्न बदलावे लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं अनुभवातून शिकण्यावर भर दिला आहे, सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना असावेत असं सुचवलं आहे. चांगलंच आहे. पण दहा दिवस दप्तर घरी ठेवून उरलेलं वर्ष पूर्वीसारखंच गेलं, तर ती सहल होईल, शिक्षण होणार नाही.

तेव्हा पालकांना माझं सांगणं इतकंच. ‘दहावीला याचा उपयोग काय?’ हा प्रश्न जरूर विचारा. पण तो एकट्या शाळेला विचारू नका, प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनाही विचारा. तुमच्या मुलीनं बाभळीच्या काट्यानं फूल उकललं, त्यात काय दिसलं ते स्वतःच्या शब्दांत लिहिलं, त्याचे गुण तिला कुठं मिळणार आहेत, असं विचारा. होशंगाबादला ३० वर्षं मुलांनी प्रश्न विचारले. त्यांच्या बाजूनं हा एक प्रश्न मोठ्यांनी वेळेवर विचारायला हवा होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)